मंडळाच्या पोरांच्या कानांविषयी एक खुले पत्र

प्रति,
मुंबईतल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, आणि मंडळाचा टी-शर्ट घालून रात्रभर दोरी धरणारे सगळे कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

पत्राचा विषय, म्हणजे मिरवणुकीचा आवाज, कळला की तुमच्यातले निम्मे जण म्हणतील, "आलं टॉवरवाल्यांचं रडगाणं." म्हणून आधीच सांगते, मी टॉवरमधली नाही. लालबागच्या चाळीत वाढले. वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन चार-चार मजले चढले, आरतीचं तबक घेऊन उभी राहिले, आणि नाशिक ढोल वाजायला लागला की माझेही पाय अजून जागेवर राहत नाहीत. फरक एवढाच की गेली अनेक वर्षं मी परळला ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करते, म्हणजे लोकांचे कान तपासते. विसर्जन झालं की पुढच्या आठवड्यात माझ्या दारात जी गर्दी होते त्यात तक्रार करणारे शेजारी नसतात. तुमचीच पोरं असतात. त्यांच्यासाठी हे पत्र.

पावसाळा सुरू झालाय. परळच्या कारखान्यांत मूर्तींचे सांगाडे उभे राहतायत, मंडप परवानगीचे अर्ज भरले जातायत, आणि साउंडवाल्याला आगाऊ रक्कम अजून बहुतेकांनी दिलेली नसेल. बोलायची वेळ हीच. आगमनाच्या रविवारी बोलून उपयोग नसतो, तेव्हा कुणाला काही ऐकूच येत नाही.

एका मुलाचं सांगते. वय विशीच्या आतबाहेर, पथकात ताशा वाजवतो. आल्या आल्या म्हणाला, "मॅडम, कानात टीईई वाजतंय. रात्री जास्त. थांबतच नाही." मी त्याला तपासणीच्या बंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज कितीही हळू आला तरी बटण दाबायचं. हर्ट्झ म्हणजे सूर किती बारीक की जाड, आकडा वाढला की सूर बारीक; डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा. २५० हर्ट्झ, ५००, १०००, २०००, प्रत्येक वेळी काचेपलीकडे त्याचा अंगठा चटकन हलत होता. मग मी ४००० लावलं. अंगठा थांबला. ३० डेसिबल दिले, काही नाही. ४० दिले, तो माझ्याकडे बघत बसलेला. ५५ ला कुठे अंगठा हलला. ८००० ला पुन्हा जरा बरं. कागदावर आलेली रेघ सरळ चालत येते, ४००० वर खड्ड्यात पडते आणि पुढे थोडी वर चढते. आमच्या धंद्यात हा खड्डा ज्याला ओळखता येत नाही त्याने दुसरं काम बघावं. आवाजाने मारलेल्या कानाची ती सही आहे.

तो म्हणाला, "पण मला तर सगळं ऐकू येतं!" बरोबर आहे. घरात आई बोलते ते येतं, गाडीचा हॉर्न येतो. येत नाहीत ती बारीक व्यंजनं, 'स', 'श', 'फ', 'थ'. शांत खोलीत मेंदू ती अंदाजाने भरून काढतो. लोकलच्या डब्यात, हॉटेलात, मंडळाच्या मीटिंगमध्ये चार जण एकदम बोलायला लागले की 'सात' म्हटलं की 'हात' ऐकू येतं. मग माणूस "काय?" विचारतो, दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते म्हणून नुसतं हसतो. हा मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. भरतीच्या मेडिकलमध्ये कानही तपासले जातात, हे त्याच्या गावीही नव्हतं. जाताना त्याने विचारलं, "गोळ्यांनी भरून येईल ना?"

नाही येणार. का, ते समजून घ्या, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. कानाच्या आत शंखासारखी एक वळलेली नळी असते. तिच्यात एका कानामागे सुमारे १५ हजार केशपेशी असतात, त्यांच्या डोक्यावर बारीक केसांचे झुबके. आवाज आला की आतला द्रव हलतो, झुबके वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. कोकणातल्या माणसाला सांगायचं तर हे भाताचं शेत आहे. वाऱ्याने आडवं पडलेलं भात दोन दिवसांत उभं राहतं, पण त्याच शेतातून रोज गुरं फिरवली तर कापायला काही उरत नाही. मिरवणुकीनंतर कान बंद झाल्यासारखे वाटतात, सकाळी उठल्यावर 'मोकळे' होतात, तेव्हा भात आडवं पडून उठलेलं असतं. पण प्रत्येक वेळी थोडं उठत नाही. कोंबडीच्या कानात या पेशी मेल्या तर पुन्हा उगवतात. माणसाच्या कानात नाही. आपण जेवढ्या घेऊन जन्मलो तेवढ्यांवरच म्हातारपण काढायचं.

गंमत अशी की या गोष्टीशी लालबाग-परळची ओळख जुनी आहे. माझे वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात, होते. शेकडो साचे एकदम चालत, धोटे आपटत, शेजारच्या माणसाला हाक मारायची तर ओरडून भागत नसे. साचेवाले ओठ वाचत आणि हातवारे करत. घरी आल्यावरही वडील ओरडूनच बोलायचे. आम्हाला वाटायचं रागावलेत. रेडिओचा कान पिळून पिळून तो शेवटपर्यंत नेलेला असायचा. १९८२ च्या संपानंतर साचे थांबले, पण वडिलांच्या कानातला आवाज थांबला नाही. आमच्या मजल्यावर साचाखात्यातून घरी बसलेले जेवढे होते त्या सगळ्यांची हीच कथा, आणि कुणालाही ती आजार वाटली नाही. साचेवाला बहिरा व्हायचाच, असं धरून चालायचे.

पुढे मी हे शास्त्र शिकले तेव्हा कळलं की कायद्याच्या पुस्तकात हा आजार म्हणून लिहिलेला आहे. आवाजाने आलेला बहिरेपणा नुकसानभरपाई कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत होता, कारखाना कायद्याच्या यादीतही होता. कारखान्यात ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा, आणि ११५ च्या वरच्या आवाजात कामगाराला उभंच करायचं नाही. जगभरात हल्ली याहून कडक हिशेब मानतात. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायॉश ही संस्था म्हणते, ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. हे ३ डेसिबल किरकोळ वाटतात, पण डेसिबलची मोजणी वेगळी चालते. ३ वाढले की आवाजातली ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की दहापट.

आता आपल्या मिरवणुकीकडे या. ध्वनिप्रदूषणाविरुद्ध काम करणाऱ्या आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलाली गेली कित्येक वर्षं मीटर घेऊन या शहरात फिरतायत. २०२२ च्या उत्सवात त्यांच्या मीटरने १२० डेसिबलचा आकडा ओलांडला. तो क्षणाचा आकडा म्हणून सोडून द्या. साधे १०० धरा. १०० डेसिबलच्या स्पीकरच्या भिंतीसमोर तुमचा कार्यकर्ता १५ मिनिटं उभा राहू शकतो. तो उभा राहतो सहा-आठ तास. गिरणीतल्या साचेवाल्याला निदान कागदावर कायदा होता, पाळी संपल्याचा भोंगा होता. ट्रॉली ढकलणाऱ्या पोराला यातलं काही नाही, कारण तो कामगारच नाही. तो बाप्पाची सेवा करतोय. पगार नाही म्हणून मर्यादा नाही, हा कसला हिशेब?

पथकं याला अपवाद नाहीत. २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने विसर्जन मिरवणुकीतल्या डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला, तेव्हा बऱ्याच जणांनी छाती पुढे काढून सांगितलं की आम्ही पारंपरिक वाद्यांवर आलो. छान झालं. पण कानाला परंपरा कळत नाही. ताशाचा आवाज बारीक, टोकदार आणि ठोक्याठोक्याने येणारा असतो. तो वाजवणाऱ्याच्या गळ्यात असतो आणि कान त्याच्यापासून हातभर अंतरावर. चाळीस-पन्नास ढोल आणि दहा-बारा ताशे अरुंद गल्लीत एकमेकांना खेटून वाजतात तेव्हा मधल्या रांगेतल्या मुलीचे काय हाल होतात, ते तिच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे तपासणीच्या आलेखावर, मला दिसतात. आणि पथकाचं वाजवणं फक्त दहा दिवस नसतं. दोन महिने आधीपासून रोज संध्याकाळी पुलाखाली, मैदानात सराव असतो. मग आगमनाचे रविवार. खरा डोस तिथे जातो.

डॉल्बीचं दुखणं निराळं. तिच्यातला जो 'धप्प' छातीवर बसतो तो ५०-६० हर्ट्झचा असतो. पोलिसांच्या मीटरवर आवाज 'ए' पद्धतीने मोजतात. माणसाच्या कानाला जाड आवाज कमी ऐकू येतो, म्हणून ही पद्धत ६३ हर्ट्झच्या आवाजातून तब्बल २६ डेसिबल वजा करून आकडा दाखवते. कानाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे, पण भिंतीच्या दृष्टीने नाही. बारीक आवाज भिंतीला अडतो, जाड आवाज भिंत हलवत आत येतो. खिडक्या लावून घेतल्या तरी फडताळातली भांडी वाजतात ती यामुळेच. पोलीस म्हणतो आकडा ठीक आहे, आणि पहिल्या मजल्यावरची आजी म्हणते माझं काळीज फुटतंय. दोघंही खरं बोलत असतात.

त्या आजीबद्दलही बोलू, कारण ती तक्रार करणार नाही. टॉवरमधला माणूस विसाव्या मजल्यावरून ११२ ला फोन लावतो आणि तुम्ही त्याला बाहेरचा म्हणून सोडून देता. चाळीतली बाई फोन करत नाही. ढोल वाजवणारा तिचा पुतण्या असतो, वर्गणी तिने स्वतः दिलेली असते, आणि मंडळाची पोरंच तिला मागच्या वेळी दवाखान्यात उचलून घेऊन गेलेली असतात. ती खाट आतल्या खोलीत सरकवते. किंवा त्या दिवसांत लेकीकडे डोंबिवलीला जाते आणि विचारलं तर म्हणते, "नातवंडांना बघायला गेले होते." असे किती जण गल्ली सोडून जातात, एकदा आपल्याच चाळीत चौकशी करून बघा.

आवाज मोठा असेल तर कान जातात, पण आवाज नुसता सततचा असला, कान बिघडण्याइतका मोठा नसला, तरी बाकीचं शरीर सोसतं. डोळ्याला पापणी असते, कानाला नसते. माणूस झोपला तरी कान चालू असतो, आणि मेंदू प्रत्येक दणक्याला धोका समजतो. अॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल सुटतात, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, मग माणसाला जाग येवो न येवो. एक रात्र झाली तर शरीर विसरून जातं. वर्षानुवर्षं झालं तर उच्च रक्तदाब आणि हृदयविकार. विमानतळांभोवती, मोठ्या रस्त्यांभोवती राहणाऱ्या लोकांवर युरोपात यावर भरपूर काम झालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये अंदाज दिला होता की पश्चिम युरोपात नुसत्या वाहतुकीच्या आवाजाने वर्षाला निदान १० लाख निरोगी आयुष्यवर्षं वाया जातात. २०१८ च्या त्यांच्या मार्गदर्शक सूचनेत रस्त्याचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलखाली ठेवा म्हटलंय. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ च आहे, दिवसाची ५५. नियम आपल्याकडेही चांगलेच आहेत, अडचण पुढची आहे.

इथे कुणीतरी हात वर करणार: "मॅडम, वर्षभर हॉर्न चालतात, बिल्डरचं पायलिंग चालतं, बाकीच्यांचे भोंगे चालतात, लग्नाच्या वराती चालतात. तुम्हाला आमचे दहा दिवसच दिसतात?"

प्रश्न वाजवी आहे, टाळणार नाही. हृदयाचा हिशेब मांडला तर माझ्या मते मुंबईतला मोठा गुन्हेगार हॉर्नच आहे, तुम्ही नव्हे. मुंबई पोलिसांनी काही सिग्नलवर केलेली एक गंमत २०२० च्या सुरुवातीला समोर आली होती. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नल पुन्हा पहिल्यापासून सुरू. जग हसलं, व्हिडिओ फिरला, आणि आपण पुन्हा हॉर्न वाजवायला लागलो. पण हॉर्नला अध्यक्ष नसतो, चिटणीस नसतो, पत्र कुणाच्या नावाने लिहू? तुमचं ऑफिस आहे, मीटिंग होते, ठराव होतो, आणि तुमचा शब्द गल्लीत चालतो. भोंग्यांबद्दल म्हणाल तर कोर्टाने कुणालाच सोडलेलं नाही. लाऊडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे मुंबई हायकोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं. सुप्रीम कोर्टाचा ध्वनिप्रदूषणावरचा २००५ चा निकाल तर सगळ्यांनाच लागू आहे. आणि कान कुणाचा गेला हे बघताना मी पेशंटची जात, धर्म विचारत नाही. डीजेच्या वरातीत नाचलेलाही येतो, जयंतीच्या मिरवणुकीतलाही येतो, गरब्यातलाही येतो. त्यांनाही असंच पत्र लिहावं लागेल. सुरुवात घरापासून केली, इतकंच.

कायद्याबद्दल एक गैरसमज मात्र जवळजवळ प्रत्येक मंडळात ऐकलाय, तो इथेच काढते. उत्सवाच्या ठरावीक दिवशी रात्री १० ऐवजी १२ पर्यंत परवानगी मिळते, ती वेळेची सूट आहे. आवाजाची नाही. नियमात वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकारला ही सूट देता येते, पण त्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाऊडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल त्याच्या वर जायला त्या दिवशीही परवानगी नसते. "परमिशन आहे" म्हणजे "कितीही" असा अर्थ कुठेच लिहिलेला नाही. रुग्णालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्राचंही त्रांगडं आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने खास जाहीर केल्याशिवाय ते शांतता क्षेत्र धरत नाहीत. वकिलांना वाद घालायला जागा झाली. पण परळमध्ये केईएम आहे, टाटा आहे, वाडियाची दोन्ही रुग्णालयं आहेत, आणि वॉर्डातला पेशंट राजपत्र वाचून ठरवत नाही की आज त्रास करून घ्यायचा की नाही. टाटाच्या फुटपाथवर बाहेरगावहून आलेली माणसं रात्र काढतात, त्यांना तर दार-खिडकीही नाही.

आता कामाचं. मी उत्सव बंद करा म्हणत नाही, मुकाट्याने करा असंही म्हणत नाही. १८९३ ला गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला तेव्हा स्पीकरच्या भिंती नव्हत्या, आणि उत्सव वाढला तो त्यांच्याशिवायच वाढला. जे सांगतेय ते करायला कोर्ट लागत नाही, पोलीस लागत नाहीत.

साउंडवाल्याशी ठरवताना किती टॉप, किती बेस आणि किती पैसे एवढंच बोलणं होतं. एक ओळ आणखी घाला: सगळ्यात जवळच्या खिडकीपाशी आवाज किती असेल. लिमिटर नावाचं यंत्र असतं, एकदा लावून सील केलं की ऑपरेटरला कुणी कितीही "वाढव, वाढव" म्हणून खांद्यावर थापा मारल्या तरी वर जात नाही. उत्साहाच्या भरात नॉब फिरवणारा हात नेहमी आपल्याच माणसाचा असतो. त्याच्यावर भार टाकू नका. नायॉशचं मोजणीचं अॅप आयफोनवर फुकट मिळतं. फोनची मोजणी कोर्टात टिकणार नाही, पण आपण ९० ला आहोत की १०५ ला, एवढं नक्की कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी जे मानक काढलं त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका म्हटलंय. ते मजेसाठी जमलेल्या लोकांसाठी आहे, चाळीतल्या आजीसाठी नव्हे, हेही लक्षात ठेवा.

पथकाच्या प्रत्येक पोराला आणि स्पीकरजवळच्या प्रत्येक कार्यकर्त्याला फोमचे इअरप्लग द्या. एक जोडी दोन वडापावच्या पैशात येते. टी-शर्टवर जेवढा खर्च करता त्याच्या कोपऱ्यात बसेल. पण नुसते वाटू नका, घालायला शिकवा, कारण दहातले नऊ जण ते कानाच्या दारात ठेवतात आणि म्हणतात काही फरक पडत नाही. प्लग बोटांत वळून बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. मग प्लग आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला तर २० डेसिबलच्या आसपास आवाज कमी होतो. म्हणजे १०० चा ८० झाला. कापसाच्या बोळ्यांनी यातलं काही होत नाही, ते मनाचं समाधान. ठेका ऐकू येणार नाही ही भीती मुलांना असते. येतो. पहिले दोन सराव विचित्र वाटतं, मग उलट टोलावर टोल जास्त स्पष्ट कळतो, असं प्लग वापरणारे वादकच मला सांगतात.

दोरी धरणाऱ्यांच्या पाळ्या लावा. स्पीकरसमोर एकच पोरगा रात्रभर नको. आणि खांद्यावर लहान मूल घेऊन स्पीकरच्या भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या बापाला मागे पाठवायचं काम दोरीवाल्यांना द्या. बाप्पा दाखवायचा आहे ना, दुरूनही दिसतो. त्या पोराच्या कानाची उंची बरोबर स्पीकरच्या तोंडाशी येते, हे बापाच्या लक्षात येत नाही. बंदोबस्तावरचा हवालदारही माणूस आहे. पाण्याची बाटली देता तशी त्यालाही प्लगची एक जोडी द्या.

मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत असेल किंवा कान बंद वाटत असेल आणि दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, तर घरच्या घरी उपाय नको. कानात कोमट तेल तर अजिबात नको, आजीने कितीही आग्रह केला तरी. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, दोन-तीन दिवसांत जा. लवकर पोचलं तर औषधाचा काही वेळा उपयोग होतो. महिन्याने आलेल्या पोराला मी फक्त त्याचा आलेख दाखवू शकते.

रक्तदान शिबिरं तुम्ही इतकी घेता की या शहरातल्या रक्तपेढ्या तुमच्या भरवशावर असतात. त्यातच कानांची तपासणी जोडा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे याच कामाची माणसं आहेत, शहरातल्या मोठ्या रुग्णालयांतही विभाग आहेत. पथकातल्या सगळ्यांचे कान सरावाआधी एकदा आणि विसर्जनानंतर एकदा तपासा. दोन कागद शेजारी ठेवले की माझ्यासारखीने भाषण द्यायची गरज उरत नाही.

आमच्या भागातल्या मंडळांसाठी मी स्वतः मशीन घेऊन येईन, फी नको, चहा चालेल. तीन गोष्टी लागतील: प्लगपॉइंट, टेबल आणि बऱ्यापैकी शांत खोली. मंडपात जमणार नाही, पंख्यांच्या आवाजातही बारीक सूर ऐकू येत नाहीत. महापालिकेच्या शाळेतला मागच्या बाजूचा एखादा वर्ग रविवारी सकाळी मिळवून द्या, आणि त्या वेळेपुरता सराव दुसऱ्या मैदानात ठेवा. एका मुलाला वीसेक मिनिटं लागतात, तेव्हा यादी आधी करून ठेवा, ताशेवाल्यांची नावं वर.

गणपती बाप्पा मोरया.

तुमचीच,
लालबागच्या चाळीत वाढलेली, परळची एक ऑडिओलॉजिस्ट